स्मरणिकेच्या पीडीएफमध्ये चालणारे दुवे कसे जोडावेत

गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दोन-तीन महिने ठाण्यात स्मरणिकांचे असतात. सोसायट्या, मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळांचे माजी विद्यार्थी, असे सगळे आपापला अंक काढतात, आणि नौपाड्यात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने मांडण्याचे काम करताना माझ्या टेबलावर यांतले बरेच अंक येऊन जातात. पूर्वी अंक छापखान्यात गेला की आमचे काम संपत असे. आता छापील प्रती मोजक्याच निघतात, आणि अंक खऱ्या अर्थाने वाचला जातो तो व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या पीडीएफमधून. त्यामुळे जाहिरातदार विचारतो की जाहिरातीवर बोट ठेवले तर त्याचे पान उघडेल का, आणि वाचकालाही अनुक्रमणिकेतल्या नावावर टिचकी मारून थेट लेखावर पोहोचायचे असते. ही दोन्ही कामे हायपरलिंकने, म्हणजे दुव्याने होतात. दुवा जोडणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण तो वाचकाच्या फोनवर चालावा यासाठी बऱ्याच गोष्टी आधी आणि नंतर सांभाळाव्या लागतात. म्हणून या लेखात बटणांइतकीच जागा त्या गोष्टींना दिली आहे.

सर्वप्रथम एक समज पक्की करून घ्यावी. पीडीएफमधला दुवा अक्षरांच्या आत नसतो. पानावरच्या ठरावीक जागी एक अदृश्य आयत ठेवलेला असतो आणि त्या आयताला पत्ता बांधलेला असतो. वाचक बोट ठेवतो ते त्या आयतावर, आणि खालची अक्षरे केवळ तिथे आयत आहे हे सांगण्यापुरती असतात. दुवा दोन ओळींत विभागला गेला तर दोन्ही ओळींवर वेगवेगळे आयत लागतात. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो.

पत्ते गोळा करताना

मांडणी सुरू करण्यापूर्वी एका तक्त्यात सगळे दुवे लिहून काढावेत: पान क्रमांक, पानावर दिसणारा मजकूर, प्रत्यक्ष पत्ता, आणि तो पत्ता कोणी दिला त्याचे नाव. पत्ता कधीही हाताने टंकित करू नये. तो ब्राउझरमध्ये उघडून, पान बरोबर आहे हे पाहून, तिथूनच उचलावा. हे पाहणेही ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे आपले खाते उघडलेले नसलेल्या खिडकीत करावे, कारण गुगल ड्राइव्हवर ठेवलेले फोटो किंवा अहवाल आपल्याला स्वतःच्या खात्यातून उघडलेले दिसतात आणि वाचकाला मात्र परवानगी मागणारे पान दिसते. ड्राइव्हच्या फाईलला 'दुवा असलेल्या कोणालाही' पाहता येईल अशी परवानगी दिलेली आहे ना, हे इनकॉग्निटो खिडकीतच खात्रीने कळते.

लघुदुवे, म्हणजे लांब पत्त्यांची आखूड केलेली रूपे, शक्यतो टाळावेत. गुगलसारख्या कंपनीनेही आपल्या लघुदुवा सेवेतून नवे दुवे बनवणे २०१९ मध्ये बंद केले, आणि स्मरणिका मात्र लोक दहा-दहा वर्षे जपून ठेवतात. पीडीएफमध्ये पत्ता कितीही लांब असला तरी तो दिसत नसल्यामुळे तो आखूड करण्याची गरजच नसते.

मराठी पत्त्यांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ठाण्याच्या इतिहासावर, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून इथे आलेल्या पहिल्या रेल्वेवर एखादा लेख असतो आणि लेखक मराठी विकिपीडियावरील 'ठाणे' या पानाचा दुवा देतो. ब्राउझरच्या पट्टीत तो पत्ता देवनागरीत सुबक दिसतो, पण तो उचलून चिकटवला की 'ठाणे' या शब्दाच्या जागी टक्क्याची चिन्हे, इंग्रजी अक्षरे आणि अंक यांची लांबलचक माळ उमटते. नवख्या ऑपरेटरला वाटते की फाईल बिघडली, आणि तो ती माळ खोडून तिथे देवनागरी शब्द टंकित करतो. तसे मुळीच करू नये. 'ठाणे' या शब्दात ठ, काना, ण आणि एकार अशी चार चिन्हे आहेत, युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीच्या प्रचलित साठवणुकीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणून चार चिन्हांची छत्तीस अक्षरे होतात. पीडीएफच्या नियमांनुसार दुव्यातला पत्ता साध्या इंग्रजी अक्षरसंचातच असावा लागतो, त्यामुळे ती माळ हेच त्या पत्त्याचे बरोबर रूप आहे. हीच गोष्ट अंकांची. पानावर दूरध्वनी क्रमांक देवनागरी अंकांत खुशाल छापावा, पण दुव्याच्या रकान्यात तो इंग्रजी अंकांतच लिहावा, नाहीतर फोन तो लावणार नाही.

दूरध्वनीच्या दुव्यात आरंभी 'टेल' ही तीन इंग्रजी अक्षरे आणि विसर्गासारखे दिसणारे कोलन, त्यानंतर अधिक चिन्ह, ९१ आणि पुढे क्रमांक, असा क्रम असतो. ठाणे आणि नवी मुंबईचे स्थिर दूरध्वनी ०२२ ने सुरू होतात. दुव्यात त्यातला पहिला शून्य गाळून अधिक ९१ नंतर थेट २२ आणि पुढचे आठ अंक लिहावेत. व्हॉट्सॲपचा दुवा द्यायचा असेल तर त्याच्या 'wa.me/' या लघुपत्त्यापुढे ९१ आणि दहा अंकी मोबाइल क्रमांक येतो, आणि तिथे अधिक चिन्ह, मोकळी जागा किंवा संयोगचिन्ह यांपैकी काहीही चालत नाही. ईमेलसाठी 'मेलटू' हा उपसर्ग लागतो.

जुने फाँट आणि अधोरेखा

आपल्याकडे अजूनही पुष्कळ मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये येतो. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. त्यामुळे संपूर्ण परिच्छेदाला मराठी फाँट लावला की त्यातला संकेतस्थळाचा पत्ता असंबद्ध मराठी अक्षरांसारखा दिसू लागतो. पत्त्यासाठी इंग्रजी फाँट असलेली वेगळी कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे अक्षरांची ठरवून ठेवलेली शैली, करून ठेवणे हा यावरचा उपाय आहे. तरीही माझा आग्रह असा की पीडीएफ वाचण्यासाठी जाणार असेल तर मजकूर युनिकोडमध्येच आणावा, कारण जुन्या फाँटमधल्या पीडीएफमध्ये वाचकाला स्वतःचे नावसुद्धा शोधून सापडत नाही. ॲडोबीच्या इनडिझाइन या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएस६ आवृत्तीपासून युनिकोड देवनागरीची जुळणी होते. त्यासाठी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरजुळणीचा पर्याय लावलेला असावा.

दुव्याचा मजकूर निवडताना शब्द पूर्ण घ्यावा, विभक्तीच्या प्रत्ययासह. 'संकेतस्थळावर' या शब्दातले 'संकेतस्थळ' एवढेच निवडून त्याला रंग दिला तर शेवटच्या 'ळ'चा काना दुसऱ्या शैलीत राहतो आणि अक्षराची जुळणी तिथे तुटू शकते. शिवाय 'इथे क्लिक करा' असे शब्द लिहून त्यांना दुवा लावू नये. छापील प्रतीत त्यांना काहीच अर्थ उरत नाही, आणि पीडीएफ वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या आधाराने वाचणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला एकामागून एक 'इथे क्लिक करा' एवढेच ऐकू येते. 'मंडळाचा लेखापरीक्षण अहवाल' असे नेमके शब्द असावेत.

अधोरेखेचा प्रश्न खास आपल्या लिपीचा आहे. इनडिझाइनमध्ये दुवा जोडताच मजकुराला निळा रंग आणि खाली रेघ अशी 'हायपरलिंक' नावाची शैली लागते. इंग्रजीत ती रेघ खपून जाते, पण 'मासुंदा तलाव' असे लिहून रेघ मारली की ती नेमकी 'सु'च्या उकारातून जाते आणि उकार वाचताच येत नाही. 'कृपया'मधल्या ऋकाराचेही तेच होते. म्हणून त्या शैलीच्या अंडरलाइन ऑप्शन्समध्ये जाऊन ऑफसेट, म्हणजे रेघेचे अक्षरांपासूनचे अंतर, इतका वाढवावा की रेघ फाँटमधल्या सर्वांत खोल उकाराच्या खाली जाईल, आणि तिची जाडीही कमी करावी. मला स्वतःला रेघ काढून टाकून केवळ रंग ठेवणे अधिक पसंत आहे, मात्र रंग काळ्या मजकुरापासून स्पष्ट वेगळा दिसेल इतका गडद आणि वेगळ्या छटेचा असावा.

इनडिझाइनमधील कृती

'विंडो' मेनूतील 'इंटरॲक्टिव्ह' या विभागातून 'हायपरलिंक्स' हे पॅनेल उघडावे. टाइप टूलने मजकूर निवडून पॅनेलच्या मेनूतून 'न्यू हायपरलिंक' हा पर्याय घेतला की एक चौकट उघडते. तिच्यात 'लिंक टू' या रकान्यात यूआरएल, फाईल, ईमेल, पान, टेक्स्ट अँकर आणि शेअर्ड डेस्टिनेशन असे प्रकार मिळतात. संकेतस्थळासाठी यूआरएल निवडून पत्ता पूर्ण, म्हणजे आरंभीच्या 'एचटीटीपीएस'सह चिकटवावा. दूरध्वनी आणि व्हॉट्सॲपचे दुवेही यूआरएल याच प्रकाराने द्यावेत. एकच पत्ता अंकात अनेक ठिकाणी येणार असेल, उदाहरणार्थ देणगीचे पान, तर 'शेअर्ड' या पर्यायावर खूण ठेवावी, म्हणजे पत्ता बदलला तरी एकाच जागी दुरुस्ती करून भागते. 'फाईल' हा प्रकार मात्र स्मरणिकेसाठी वापरू नये, कारण तो दुवा आपल्या संगणकावरच्या फाईलकडे जातो. आपल्याकडे तो सुरळीत चालतो आणि वाचकाच्या फोनवर ती फाईलच नसते.

जाहिरातीला दुवा लावताना मजकूर न निवडता सिलेक्शन टूलने संपूर्ण चौकट निवडावी आणि तीच कृती करावी. चौकटीला लावलेला दुवा चौकटीबरोबर हलतो. जाहिरात दुसऱ्या पानावर नेली तरी दुवा सोबत जातो.

पत्ते मजकुरातच उघडपणे लिहिलेले असतील तर 'टाइप' मेनूतील 'हायपरलिंक्स अँड क्रॉस-रेफरन्सेस' या विभागात 'कन्व्हर्ट यूआरएल्स टू हायपरलिंक्स' ही आज्ञा आहे. ती असे पत्ते शोधून त्यांचे दुवे करते. 'कन्व्हर्ट ऑल' न करता मी एकेक पत्ता पाहत जाते, कारण वाक्याच्या शेवटी आलेला पत्ता आणि त्याला लागून असलेला पूर्णविराम यांची गल्लत इथेच होण्याचा संभव असतो. पॅनेलमध्ये पत्त्याशेजारी हिरवा ठिपका दिसला तर पत्ता पोहोचतो आहे आणि लाल दिसला तर पोहोचत नाही. पण हिरवा ठिपका पान उघडते एवढेच सांगतो, ते पान योग्य जाहिरातदाराचे आहे की नाही हे तक्ता हातात घेऊन आपणच पाहायचे असते.

अनुक्रमणिकेसाठी दोन मार्ग आहेत. लेखांच्या शीर्षकांना नियमाने पॅराग्राफ स्टाइल लावलेली असेल तर 'लेआउट' मेनूतील 'टेबल ऑफ कंटेंट्स'मधून अनुक्रमणिका तयार करावी. पीडीएफ करताना हायपरलिंकची खूण असेल तर तिच्यातील नोंदी आपोआप दुवे होतात, आणि 'टेबल ऑफ कंटेंट्स'च्या चौकटीत 'क्रिएट पीडीएफ बुकमार्क्स'वर खूण केली तर बाजूला बुकमार्कची यादीही येते. मात्र आपल्या अंकांची अनुक्रमणिका पुष्कळदा चित्रांसह हाताने मांडलेली असते. अशा वेळी प्रत्येक लेखाच्या शीर्षकाआधी कर्सर ठेवून 'न्यू हायपरलिंक डेस्टिनेशन'मधून टेक्स्ट अँकर, म्हणजे मजकुरातली एक अदृश्य खूण, रोवावा आणि अनुक्रमणिकेतील नावाचा दुवा त्या अँकरला जोडावा. पान क्रमांकाला दुवा जोडण्यापेक्षा हे श्रेयस्कर आहे: अध्यक्षांचे मनोगत ऐनवेळी एका पानाने वाढले आणि पुढचे लेख सरकले, तरी अँकर शीर्षकाला चिकटून राहतो.

स्क्रायबस आणि इतर

स्क्रायबस हे विनामूल्य आणि मुक्त आज्ञावलीचे सॉफ्टवेअर आहे, आणि छोट्या संस्थांना मी ते नेहमी सुचवते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात, आधीच्या १.४ मालिकेत ती जुळत नव्हती. इथे मात्र निवडलेल्या शब्दाला दुवा लावता येत नाही. पीडीएफ साधनपट्टीतील 'लिंक ॲनोटेशन' हे साधन घेऊन मजकुरावर किंवा जाहिरातीवर स्वतः आयत काढावा लागतो. त्या आयतावर डबल क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत प्रकार ठरवावा: त्याच अंकातील पानासाठी 'लिंक', संकेतस्थळासाठी 'एक्स्टर्नल वेब-लिंक'. अंतर्गत दुव्याला पान क्रमांक आणि पानावरची जागा द्यावी लागते.

आरंभी सांगितलेला अदृश्य आयत इथे आपल्याच हातात येतो, आणि त्यातूनच माझ्याकडून एक चूक घडली. चौसष्ट पानांच्या एका स्मरणिकेत, अंक द्यायच्या आदल्या रात्री, समोरासमोरच्या दोन पानांवरील मिठाईच्या दोन दुकानांच्या जाहिरातींची अदलाबदल करायला सांगण्यात आले. मी चित्रे हलवली, पण त्यांच्यावरचे आयत होते तिथेच राहिले. पडद्यावर सगळे ठाकठीक दिसत होते. दुसऱ्या दिवशी एका दुकानाच्या मालकांचा फोन आला, की त्यांच्या जाहिरातीवर बोट ठेवले की समोरच्या दुकानाची मागणी नोंदवण्याची सोय उघडते. त्यांनी आवाज चढवला नाही, पण जाहिरातीचे पैसे त्यांनी मोजले होते आणि त्यांचे गिऱ्हाईक मी दुसरीकडे धाडत होते. तेव्हापासून स्क्रायबसमध्ये दुव्यांचे आयत मी सगळी पाने अंतिम झाल्यावरच काढते, आणि त्यानंतर काही हलवायची वेळ आलीच तर चित्र आणि आयत शिफ्ट धरून एकत्र निवडते. पान वाढवले किंवा काढले तर प्रत्येक अंतर्गत दुवा नव्याने पाहते.

कोरलड्रॉमध्ये दुवा वस्तूला लागतो आणि पीडीएफ करताना दुवे समाविष्ट करण्याच्या पर्यायावर खूण असावी लागते. एका पानाच्या निमंत्रणाला हे पुरेसे आहे. पब्लिशरमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि के या कळा दाबल्या की दुव्याची चौकट येते, परंतु मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशर बंद होणार असल्याचे जाहीर केले आहे, तेव्हा नवे काम त्यात सुरू करू नये.

पीडीएफ करताना

एकाच मांडणीतून दोन पीडीएफ कराव्यात, एक छापखान्यासाठी आणि एक वाचकासाठी. छापखाने पुष्कळदा पीडीएफ/एक्स-१ए मानकाची फाईल मागतात, आणि त्या मानकात पानाच्या छापील भागावर दुव्यांना जागा नसते. त्या फाईलपुरता दुव्याच्या शैलीचा निळा रंग काळा करावा, नाहीतर एका रंगात छापायच्या पानांवर तो निळा रंग राहून जातो. छापील वाचकासाठी महत्त्वाच्या पत्त्यांचे क्यूआर कोड घालावेत. इनडिझाइनमध्ये 'ऑब्जेक्ट' मेनूतच त्याची सोय आहे.

वाचकाच्या फाईलसाठी इनडिझाइनच्या 'एक्स्पोर्ट'मध्ये 'ॲडोबी पीडीएफ इंटरॲक्टिव्ह' निवडावे, किंवा 'प्रिंट' निवडल्यास 'जनरल' विभागात हायपरलिंक्स आणि बुकमार्क्स यांवर खूण करावी. ती खूण विसरणे हे दुवे न चालण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण आहे. पाने जोडीने न देता सुटी द्यावीत, कारण फोनच्या उभ्या पडद्यावर समोरासमोरची दोन पाने एकत्र आली की अक्षर आणि दुव्याचा आयत दोन्ही इतके लहान होतात की बोट शेजारच्या दुव्यावर पडते.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. प्रिंटची आज्ञा देऊन 'प्रिंट टू पीडीएफ' करू नये. त्यात पानावर दिसते तेवढेच उतरते आणि दुवे मागे राहतात. छापखान्यात फाँट बदलू नये म्हणून अक्षरांच्या आउटलाइन किंवा कर्व्ह करण्याची, म्हणजे अक्षरांचे रेखाचित्रांत रूपांतर करण्याची आपल्याकडे सवय आहे, पण मजकुराला लावलेला दुवा त्या अक्षरांबरोबरच नाहीसा होतो, तेव्हा कर्व्ह केलेली फाईल वेगळ्या नावाने ठेवावी आणि वाचकाची फाईल तिच्यापासून करू नये. फाईल लहान करणारी काही साधनेही दुवे काढून टाकतात. आकार कमी करायचा असेल तर एक्स्पोर्ट करतानाच चित्रांचे रिझोल्यूशन उतरवावे. तयार पीडीएफमध्ये ॲक्रोबॅटने नंतर दुवे घालता येतात हे खरे, परंतु एका शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी फाईल पुन्हा काढली की ते सगळे श्रम वाया जातात.

तपासणी इनडिझाइनमध्ये किंवा स्क्रायबसमध्ये करून भागत नाही, ती तयार पीडीएफवरच व्हावी. संगणकावर एकदा सगळे दुवे उघडून झाले की फाईल प्रथम स्वतःच्याच दुसऱ्या क्रमांकावर पाठवावी, ती फोनवर उतरवून घ्यावी आणि तक्ता समोर ठेवून प्रत्येक दुव्यावर बोट ठेवावे आणि तो चालला की तक्त्यात त्यापुढे खूण करावी, शक्य झाल्यास एका अँड्रॉइड आणि एका आयफोनवर, कारण सर्व पीडीएफ वाचक दुवे सारख्या रीतीने हाताळत नाहीत. दूरध्वनीच्या दुव्यावर बोट ठेवल्यावर पडद्यावर उमटलेला क्रमांक जाहिरातीतील क्रमांकाशी अंक-अंक जुळवून पाहावा. ज्या दुव्यापुढे तक्त्यात खूण झाली नाही, तो दुरुस्त होईपर्यंत फाईल गटात टाकू नये. गटात टाकताना ती पीडीएफ म्हणूनच पाठवावी आणि संपादक मंडळालाही तसे सांगून ठेवावे, कारण कौतुकाने काढलेले पानांचे स्क्रीनशॉट पुढे फिरू लागले की त्यांवर बोट ठेवून काहीच उघडत नाही, आणि जाहिरातदाराचा फोन पुन्हा आपल्यालाच येतो.